विश्लेषण : १६१ विद्यार्थ्यांची शाळा राज्यविजेती कशी झाली? ‘मायलन चमत्कार’ पुन्हा का घडू शकत नाही?

अमेरिकेतील इंडियाना राज्यातील हजारभर वस्तीच्या गावातील शाळेने १९५४ मध्ये राज्य बास्केटबॉल स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात समोर होती तिच्या किमान दहापट मोठी शाळा. या हंगामावरून पुढे हॉलिवूडचा गाजलेला चित्रपट निघाला. मात्र ज्या स्पर्धेमुळे हे शक्य झाले, ती स्पर्धाच १९९७ नंतर बंद करण्यात आली. ती का बंद झाली आणि लहान शाळांचा त्यात फायदा झाला की तोटा, याविषयी...

मायलन कुठे आहे? तेथे बास्केटबॉल इतका महत्त्वाचा का?

नाव इटलीतील मिलान शहराचे असले तरी इंडियानातील लोक या गावाचा उच्चार ‘मायलन’ असाच करतात. राज्याच्या आग्नेय भागातील रिप्ली काउंटीमध्ये हे गाव आहे. १९५०च्या दशकात येथील लोकसंख्या सुमारे ११५० होती. गावच्या हायस्कूलचा पट होता १६१ आणि त्यातील मुलगे निम्म्याहून कमी.

इंडियानाच्या ग्रामीण भागात बास्केटबॉल रुजण्याची कारणे अगदी व्यावहारिक होती. अमेरिकी फुटबॉलला मैदानावर अकरा खेळाडू लागतात आणि साहित्यही महाग असते. बास्केटबॉलला पाच मुले, एक चेंडू आणि धान्याच्या कोठाराच्या भिंतीवर ठोकलेली रिंग पुरते. हिवाळ्यात शेतीची कामे थंडावतात, बाहेर बर्फ असतो आणि गावात एकत्र जमायला शाळेच्या जिमसारखी दुसरी उबदार जागा नसते. त्यामुळे शुक्रवार रात्रीचा शाळेचा सामना हा गावाचा आठवड्याचा कार्यक्रम ठरला. अनेक गावांनी तर लोकसंख्येच्या मानाने प्रचंड मोठ्या जिम बांधल्या. या वेडाला तेथे ‘हूजियर हिस्टेरिया’ असे म्हणतात. ‘हूजियर’ म्हणजे इंडियानाचा रहिवासी.

स्पर्धेचे स्वरूप काय होते?

इंडियानातील शालेय स्पर्धा १९११ पासून सुरू आहे. तिची रचना आपल्याकडील शालेय क्रीडा स्पर्धांसारखीच. आपल्याकडे तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य असे टप्पे असतात, तसे तेथे सेक्शनल, रिजनल, सेमी-स्टेट आणि राज्य अंतिम फेरी. एक सामना हरला की संघ बाहेर.

या स्पर्धेचे वेगळेपण एकाच नियमात होते. शाळेचा पट कितीही असो, सर्वांसाठी स्पर्धा एकच. शंभर विद्यार्थ्यांची शाळा आणि दोन हजार विद्यार्थ्यांची शाळा एकाच ड्रॉमध्ये असत आणि शेवटी एकच विजेता ठरे. १९५४ मध्ये या स्पर्धेत ७५१ शाळा उतरल्या होत्या.

नियम कागदावर समान असला तरी प्रत्यक्षात विजेतेपद बहुधा मोठ्या शाळांकडेच जाई. दीड हजार विद्यार्थ्यांतून पाच उंच, चपळ मुले निवडणे आणि सत्तर-ऐंशी मुलांमधून निवडणे यात मोठा फरक आहे.

मायलनचा संघ अचानक उगवला का?

चित्रपटामुळे तसा समज झाला आहे, पण तो खरा नाही. संघातील काही मुले पिअर्सव्हिल या शेजारच्या छोट्याशा वस्तीतील होती. लहानपणापासून ती एकमेकांसोबत खेळत आली होती. संघाचा प्रमुख खेळाडू बॉबी प्लम्प त्यांपैकीच एक. एकमेकांचा खेळ त्यांना इतका पाठ होता की, सहकारी कुठे धावणार हे त्यांना सांगावे लागत नसे.

१९५२ मध्ये मार्विन वुड हे तरुण प्रशिक्षक मायलनमध्ये आले. बटलर विद्यापीठात टोनी हिंकल या नावाजलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ते खेळले होते. शिस्तबद्ध पासिंग, घाईचे फटके टाळणे आणि चेंडूवर ताबा ठेवणे ही हिंकल यांची शिकवण त्यांनी या मुलांमध्ये उतरवली. गरज पडली तर खेळाडूंनी कोर्टभर पसरायचे आणि चेंडू फिरवत प्रतिस्पर्ध्याला पळवत ठेवायचे, असा डावही त्यांनी बसवला होता. त्याला ‘मांजर-उंदीर’ खेळ म्हटले जाई.

वुड यांच्या पहिल्याच हंगामात, म्हणजे १९५३ मध्ये, मायलनने राज्याच्या शेवटच्या चार संघांत धडक मारली. तेथे साउथ बेंड सेंट्रलने त्यांना ५६-३७ असे हरवले. पण महत्त्वाचे खेळाडू पुढच्या वर्षीही शाळेतच होते. त्यामुळे १९५४च्या हंगामाकडे गाव आशेने पाहत होते. मायलनचा त्या वर्षीचा एकूण हिशेब २८ विजय आणि २ पराभव असा आहे.

अंतिम फेरीपर्यंतची वाट कशी होती?

सेमी-स्टेटमध्ये मायलनची पहिली गाठ माँटेझुमाशी पडली. ही शाळा तर मायलनपेक्षाही लहान होती. मायलनने तो सामना ४४-३४ असा जिंकला. त्यानंतर समोर आले इंडियानापोलिसचे क्रिस्पस ॲटक्स हायस्कूल. या संघात दहावीत शिकणारा एक मुलगा होता, ऑस्कर रॉबर्टसन. हाच मुलगा पुढे १९६० मध्ये ऑलिम्पिक सुवर्णविजेता आणि एनबीएच्या इतिहासातील महान खेळाडूंपैकी एक ठरला. मायलनने ॲटक्सला ६५-५२ असे नमवले.

राज्याची अंतिम फेरी २० मार्च १९५४ रोजी इंडियानापोलिसच्या बटलर फील्डहाउसमध्ये झाली. तेव्हा सुमारे १५ हजार क्षमता असलेले हे सभागृह आज ‘हिंकल फील्डहाउस’ म्हणून ओळखले जाते. त्या काळी उपांत्य आणि अंतिम सामना एकाच दिवशी होत. दुपारी मायलनने टेरे होटच्या गर्स्टमायर शाळेला ६०-४८ असे हरवले आणि काही तासांतच हीच मुले अंतिम सामन्यासाठी पुन्हा कोर्टवर उतरली.

समोर मन्सी सेंट्रल होती. पट सोळाशेच्या वर, खेळाडू उंच आणि नावावर तोवर चार राज्य विजेतेपदे. त्यातील दोन तर १९५१ आणि १९५२ची.

अंतिम सामन्यात नेमके काय घडले?

शालेय सामना आठ मिनिटांच्या चार सत्रांचा. तीन गुणांचा फटका तेव्हा नव्हता. बास्केट झाली की दोन गुण आणि फ्री थ्रोचा एक. पहिल्या सत्रात मायलन १४-११ असे पुढे होते. मध्यंतराला ही आघाडी २३-१७ झाली. तिसऱ्या सत्रात मात्र मायलनचा खेळ आटला. त्यांना जेमतेम ३ गुण मिळाले आणि सत्र संपताना २६-२६ अशी बरोबरी झाली. चौथ्या सत्रात मन्सीने २८-२६ अशी आघाडी घेतली.

यानंतर जे घडले ते आजही प्रशिक्षकांच्या चर्चेचा विषय आहे. दोन गुणांनी मागे असताना वुड यांनी प्लम्पला चेंडू धरून ठेवायला सांगितले. प्लम्प कोर्टच्या मध्याजवळ चेंडू हातात घेऊन उभा राहिला. एक मिनिट गेले, दोन गेली, तीन गेली. तब्बल ४ मिनिटे १३ सेकंद तो जवळपास जागचा हलला नाही. म्हणजे शेवटच्या सत्राचा निम्म्याहून अधिक वेळ खेळ थांबल्यासारखाच होता. मन्सीचे खेळाडूही पुढे येऊन चेंडू हिसकावायला गेले नाहीत, कारण आघाडी त्यांचीच होती आणि घड्याळ पुढे सरकणे त्यांच्याही फायद्याचे होते.

त्यानंतरचा घटनाक्रम असा :

- प्लम्पने अखेर फटका मारला, पण तो चुकला. मात्र मन्सीनेही चेंडू गमावला.
- रे क्राफ्टने बास्केट करून २८-२८ अशी बरोबरी साधली.
- प्लम्पने दोन्ही फ्री थ्रो टाकले. मायलन ३०-२८.
- मन्सीच्या जीन फ्लॉवर्सने बास्केट केली. पुन्हा ३०-३०.
- शेवटची १८ सेकंदे उरली असताना मायलनने टाइमआउट घेतला.

ठरले असे की, बाकीच्या चौघांनी एका बाजूला सरकायचे आणि उरलेली बाजू प्लम्पसाठी मोकळी सोडायची. प्लम्प आणि त्याला अडवणारा जिमी बार्न्स, दोघेच समोरासमोर. प्लम्पने हूल दिली, उजवीकडून आत शिरला, थांबला आणि उडी मारून फटका मारला. चेंडू जाळीतून खाली आला तेव्हा जेमतेम तीन सेकंदे उरली होती. मायलन ३२, मन्सी सेंट्रल ३०.

त्या सामन्यात सर्वाधिक १४ गुण क्राफ्टचे होते, प्लम्पचे १०. पण इतिहासात राहिला तो प्लम्पचा शेवटचा फटका.

मागे असताना चेंडू धरून ठेवणे हा वेडेपणा नव्हता का?

वरवर पाहता तसे वाटते. पण त्यामागे साधे गणित आहे. समजा दोन संघांपैकी तगड्या संघाची प्रत्येक झटापट जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे आणि दुबळ्याची ४० टक्के. अशा तीनच झटापटी झाल्या, तर त्यात दुबळा संघ सरशी करण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के राहते. झटापटी २१ झाल्या, तर ती सुमारे १७ टक्क्यांवर येते. १०१ झाल्या, तर अवघी २ टक्के. म्हणजे खेळ जितका लांबतो, तितकी मोठ्या संघाची ताकद आकड्यांत दिसू लागते. खेळ जितका आखूड, तितका दैवाचा वाटा मोठा.

वुड यांनी खेळ आखूड केला. फटके बसेनासे झाले होते आणि मुले त्या दिवसातला दुसरा सामना खेळत होती. दोन गुणांची तूट शेवटच्या दोन-तीन मिनिटांतही भरून निघू शकते. मात्र तूट आठ-दहा गुणांची झाली तर नाही. त्यामुळे सामना हातातून निसटू न देणे एवढाच तेव्हाचा हेतू होता.

हे शक्य झाले, कारण ‘शॉट क्लॉक’ नव्हते. चेंडू मिळाल्यावर ठरावीक सेकंदांत फटका मारलाच पाहिजे, असा नियम शालेय खेळात नव्हता आणि व्यावसायिक खेळातही तोवर आला नव्हता. याच इंडियानातील फोर्ट वेन पिस्टन्स या व्यावसायिक संघाने २२ नोव्हेंबर १९५० रोजी मिनिॲपोलिस लेकर्सला अशाच रीतीने चेंडू धरून १९-१८ असे हरवले होते. तो एनबीएतील सर्वांत कमी गुणांचा सामना आहे. अखेर कंटाळलेल्या प्रेक्षकांसाठी एनबीएने १९५४-५५च्या हंगामापासून २४ सेकंदांचे घड्याळ आणले. म्हणजे प्लम्प चेंडू धरून उभा राहिला त्याच वर्षी व्यावसायिक खेळात असे उभे राहणे बंद झाले.

गावाने विजय कसा साजरा केला?

दुसऱ्या दिवशी संघ मोटारींतून गावाकडे निघाला. वाटेत गावोगावी लोक रस्त्याच्या कडेला उभे होते. मागे जोडल्या गेलेल्या गाड्यांची रांग सुमारे १३ मैलांपर्यंत, म्हणजे २० किलोमीटरच्या वर गेली होती, असे सांगितले जाते. हजारभर वस्तीच्या मायलनमध्ये त्या दिवशी सुमारे ४० हजार लोक जमल्याचा अंदाज आहे.

मुलांसाठी या विजयाचा अर्थ केवळ ढाल मिळणे एवढा नव्हता. शेतकरी आणि कामगार कुटुंबांतील या संघातील बहुतेक खेळाडू पुढे कॉलेजात गेले. त्यांच्यापैकी काही जण शिक्षक आणि प्रशिक्षक झाले. प्लम्प बटलर विद्यापीठाकडून खेळला, म्हणजे ज्या कोर्टवर तो शेवटचा फटका मारला तेच त्याचे घरचे कोर्ट झाले. रे क्राफ्ट पुढे इंडियानाच्या शालेय क्रीडा संघटनेत पदाधिकारी झाला.

‘हूजियर्स’ चित्रपट किती खरा?

१९८६ मध्ये आलेल्या ‘हूजियर्स’मध्ये जीन हॅकमन यांनी प्रशिक्षकाची भूमिका केली. दिग्दर्शक डेव्हिड ॲन्स्पॉ आणि लेखक अँजेलो पिझो. चित्रपटातील शाळेचे नाव हिकरी असून ती काल्पनिक आहे. मायलनवरून कथेचे बीज घेतले, पण तपशील बदलले. चित्रपटातील प्रशिक्षक वादग्रस्त भूतकाळ असलेला प्रौढ माणूस आहे. वुड तेव्हा २६ वर्षांचे होते. चित्रपटात संघ शून्यातून उभा राहतो. मायलन आदल्या वर्षीच शेवटच्या चारांत होते. अंतिम सामन्याचे चित्रण मात्र त्याच फील्डहाउसमध्ये झाले. २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या चित्रपटाचा समावेश झाला.

या कथेत कोणती बाजू कमी सांगितली जाते?

मायलनने वाटेत हरवलेल्या क्रिस्पस ॲटक्सची. हे हायस्कूल १९२७ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वेगळे ठेवण्यासाठीच उघडण्यात आले होते. इंडियानाच्या राज्य स्पर्धेचा ‘सर्वांसाठी एकच ड्रॉ’ असा गाजावाजा होत असला, तरी १९४२ पर्यंत कृष्णवर्णीयांच्या आणि कॅथलिक शाळांना त्यात प्रवेशच नव्हता. ॲटक्सची जिम इतकी लहान होती की, घरचे सामनेही त्यांना दुसरीकडे खेळावे लागत.

मायलनच्या पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, प्रशिक्षक रे क्रो यांच्या ॲटक्सने राज्य विजेतेपद जिंकले. सर्वांसाठी खुली राज्य स्पर्धा जिंकणारी ही अमेरिकेतील पहिली कृष्णवर्णीय शाळा होती. इंडियानापोलिस शहरालाही हे विजेतेपद प्रथमच मिळत होते. १९५६ मध्ये तर एकही सामना न हरता ॲटक्सने ते राखले. मात्र १९५५च्या विजयानंतर संघाची मिरवणूक शहराच्या मध्यवर्ती चौकात रेंगाळू न देता कृष्णवर्णीय वस्तीतील पार्ककडे वळवण्यात आली. आपल्याच शहराने असे वागवल्याचे दुःख रॉबर्टसन यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवले. एका वर्षाच्या अंतराने झालेल्या या दोन जल्लोषांतील फरक लक्षात घेतल्याशिवाय मायलनची गोष्ट पूर्ण होत नाही.

मग ही स्पर्धा बंद का झाली?

मायलननंतर इतक्या लहान शाळेला ही स्पर्धा पुन्हा कधीच जिंकता आली नाही. दरम्यान लहान शाळाच कमी होत गेल्या. १९५९ मध्ये इंडियानाने शाळांच्या पुनर्रचनेचा कायदा केला. कमी पटाच्या गावच्या शाळा एकत्र करून मोठ्या शाळा उभारण्याचे धोरण आले. प्रयोगशाळा, विषयवार शिक्षक आणि खर्च या दृष्टीने त्यात तथ्य होते. पण शाळेबरोबर गावाचा संघ, त्याचे रंग आणि शुक्रवारची रात्रही गेली. मायलनच्या शेजारच्या ऑसगुड आणि व्हर्सेल्स या गावांच्या स्वतंत्र शाळा अशाच विलीन झाल्या. मायलनची मात्र टिकली. ७५१ वरून स्पर्धेतील शाळांची संख्या १९९७ पर्यंत सुमारे ३८० वर आली.

उरलेल्या लहान शाळांचे म्हणणे होते की, दरवर्षी सुरुवातीलाच मोठ्या शाळेकडून हरण्यासाठी का खेळायचे? १९९६ मध्ये संघटनेने पटानुसार चार गट करण्याचा निर्णय घेतला आणि मुख्याध्यापकांच्या मतदानातही तो टिकला. १९९७ची स्पर्धा ही शेवटची एकगटी स्पर्धा ठरली. ती ब्लूमिंग्टन नॉर्थने जिंकली. १९९७-९८ पासून दरवर्षी एकाऐवजी चार विजेते ठरू लागले.

विरोध कोणाचा होता?

सर्वांत ठळक विरोधक खुद्द बॉबी प्लम्प होते. एकगटी स्पर्धा वाचवण्यासाठीच्या मोहिमेत ते पुढे होते. मोठ्यांना हरवण्याची संधी काढून घेतली तर लहानांच्या विजयाला किंमत उरत नाही, हा या बाजूचा मुख्य मुद्दा. दुसऱ्या बाजूचा मुद्दाही तितकाच सरळ. एका मायलनच्या आठवणीसाठी शेकडो लहान शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या रिकाम्या हाताने घरी जायचे का? चार गटांमुळे आज अनेक लहान गावांच्या वेशीवर राज्यविजेतेपदाची पाटी लागली आहे. दुसरीकडे, बदलानंतर स्पर्धेची प्रेक्षकसंख्या घटली. त्याला गटपद्धत किती जबाबदार आणि बदललेला काळ किती, यावर तेथे एकमत नाही. शेजारच्या केंटकी राज्याने मात्र बास्केटबॉलमध्ये एकगटी स्पर्धा कायम ठेवली आहे.

मायलन पुन्हा घडू शकते का?

इंडियानाच्या राज्य स्पर्धेत, सध्याच्या नियमांनुसार, नाही. लहान आणि मोठ्या शाळा त्यात एकमेकींसमोर येतच नाहीत. लहान गटात सातत्याने यश मिळवणाऱ्या शाळेला वरच्या गटात ढकलण्याचा नियम नंतर करण्यात आला, पण तो तेवढ्यापुरताच.

मायलन गाव आजही दोन हजारांच्या आतच आहे. गावच्या पाण्याच्या टाकीवर १९५४च्या विजेतेपदाची नोंद रंगवलेली आहे आणि त्या हंगामाचे एक छोटे संग्रहालयही गावात आहे. शाळेचा संघ दर हिवाळ्यात खेळतो, फक्त आता तो आपल्या बरोबरीच्या शाळांशी खेळतो.